रास अल खोरची सतरावी वस्तू

दुबईहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "तो उंच मनोरा पाहिलात का?" नाही पाहिला. टॅक्सीच्या काचेतून लांबून दिसला, तेवढाच. वाळवंटात जीपमधून उड्या मारल्या नाहीत, सोन्याच्या बाजारातून रिकाम्या हातांनी चालत गेले, आणि खजूर आणले तेही विमानतळावर, ऐन वेळी. चार दिवसांत मी जे पाहिलं ते कुठल्याही सहलीच्या पत्रकात छापलेलं नाही. मी ते लिहू नये असं ऑफिसातल्या एक-दोघांना वाटतं, म्हणून जरा जास्तच नीट लिहिते आहे.

मी मंगल शेवाळे. भोसरीच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्षं डिस्पॅचला आहे. तयार पंप खोक्यांत भरून बाहेर पाठवायचे हे आमचं काम. नाव-पत्ता लिहिल्याशिवाय एकही खोका माझ्या दारातून बाहेर पडत नाही. आणि दर वेळी जो माल जातो त्यातल्या एका खोक्यावर, डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, मी मार्करने छोटंसं 'श्री' काढते. कंपनीच्या नियमांत ते कुठेही नाही. वहीचं पहिलं पान असो की लग्नाच्या सामानाची यादी, वर श्री लिहून सुरुवात करायची ही आमच्या घरची सवय. नोकरीच्या पहिल्या दिवशी हात आपोआप चालला आणि पुढे चालतच राहिला. मालाची यादी, म्हणजे पॅकिंग लिस्ट, मी नेहमी त्याच खोक्यात ठेवते. माझे सगळ्यात जास्त खोके गेले ते 'रास अल खोर, दुबई' या पत्त्यावर. हा पत्ता मी इतक्या वेळा लिहिला आहे की झोपेतही लिहीन, पण तिथे डोंगर आहे की समुद्र, हे मला ठाऊक नव्हतं.

यंदा कंपनीने ठरवलं की पुण्याचं डिस्पॅच आणि दुबईचं गोदाम एकाच माणसाच्या हाताखाली द्यायचं. त्या माणसाने दोन वर्षं दुबईत राहायचं. नावं दोनच होती: मी आणि अद्वैत. अद्वैत आमच्याच ऑफिसातला, एकोणतीस वर्षांचा, हुशार, आणि दिवसातून दहा वेळा 'अलाइनमेंट' म्हणणारा. मला ती जागा हवी होती. यात लाजण्यासारखं काय आहे? मुलगा नोकरीला लागला होता. नवरा म्हणाला, "तू जा, मी कुकर लावायला शिकतो." एक्कावन्नाव्या वर्षी बायका गुडघ्यांची औषधं मागतात, मी खुर्ची मागितली.

मुलाखत कंपनीच्या आखातातल्या मुख्य कचेरीत, अबुधाबीला होती. पण त्याआधी दुबईत एक दिवस 'टीम बिल्डिंग' ठेवलं होतं, आणि त्या दिवसाचे गुण मुलाखतीत धरले जाणार होते. शहरभर हिंडून वस्तू शोधायच्या, फोटो काढायचे, गुण मिळवायचे. लहानपणी आम्ही वाड्यावस्त्यांवर असे खेळ फुकट खेळत होतो.

पहिला दिवस: इंटरनॅशनल सिटी

हॉटेल दुसऱ्या दिवसापासून मिळणार होतं, म्हणून पहिला मुक्काम नेहाकडे. नेहा कुलकर्णी आमच्या दुबईच्या ऑफिसात आहे, मूळची कोथरूडची. तिचं घर इंटरनॅशनल सिटीत. एकसारख्या इमारतींची ही मोठी वसाहत. तिथे भाडं इतर भागांपेक्षा परवडतं, त्यामुळे सगळ्या देशांचे पगारदार तिथे सापडतात. जिन्यात तीन भाषांतली भांडणं ऐकली. भांडणाची चाल मात्र तिन्हींत तीच होती.

नेहाने थालीपीठ केलं होतं. मी ताटाकडे पाहिलं आणि म्हटलं, "मेथी इथे मिळते?"

"सब मिलता है काकू, फक्त रेट विचारायचा नाही. ही जुडी आठ दिरहम. म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये."

माझा घास हातातच राहिला. दोनशे रुपयांची मेथी मी तोवर कधी खाल्ली नव्हती. मग मात्र देठासकट खाल्ली.

तिची नऊ वर्षांची मुलगी इरा माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, "शाळा आवडते का गं?" ती म्हणाली, "इट्स ओके." मी विचारलं, "थालीपीठ?" ती म्हणाली, "सुपर." मराठी सगळं कळतं, पण उत्तराची गाडी इंग्रजी रुळावरूनच धावते. तिला मी राजगिऱ्याची वडी दिली तेव्हा मात्र ती म्हणाली, "अजून आहे?" भूक लागली की भाषा आपोआप सुधारते.

जेवल्यावर नेहाने मला सावध केलं. "काकू, उद्या आपण तिघं एका टीममध्ये आहोत. तुम्ही, मी आणि अद्वैत. एचआरने मुद्दाम तसं केलंय. कॅन्डिडेट्स एकत्र कसे वागतात ते बघायचंय. तुम्ही प्लीज कूल राहा."

"मी कायम शांतच असते," मी म्हटलं.

नेहा ताटं उचलायला लागली. ती भोसरीला दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर होती.

दुसरा दिवस: खाडीच्या दोन्ही काठांवर

सकाळी साडेसातला हॉटेलच्या दिवाणखान्यात सहा टीम जमल्या. एचआरच्या रितू मॅडम माझ्याकडे पाहून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "मंगलजी, आप चाहें तो यहीं बेस कॅम्प संभाल लीजिए. बहुत चलना पड़ेगा."

बेस कॅम्प म्हणजे सोफा आणि पाण्याच्या बाटल्या. मी म्हटलं, "मी रोज गोदामाचे दोन मजले चढते मॅडम. सोफा तुम्ही संभाळा." अद्वैतने छताकडे पाहिलं. कूल राहण्याचा कार्यक्रम पावणेआठलाच आटोपला.

प्रत्येक टीमच्या मोबाइलवर वीस वस्तूंची यादी आली. वस्तू सापडली की तिघांनी मिळून फोटो काढायचा आणि पाठवायचा; लगेच गुण. अद्वैत कप्तान झाला. निवडणूक झाली नाही.

पहिलं काम अब्राने खाडी ओलांडायचं. अब्रा म्हणजे बसायला मधोमध बाक असलेली लाकडी होडी. पलीकडे जायला एक दिरहम, म्हणजे आपले तेवीस-चोवीस रुपये. होडीला कठडे नाहीत. पाणी पायांपासून हातभर लांब, आणि शेजारी सुटाबुटातला एक माणूस गॅसची शेगडी मांडीवर घेऊन बसलेला. एवढ्या श्रीमंत गावात ही होडी अजून तशीच चालते हे मला फार आवडलं. आपल्याकडे असतं तर एव्हाना तिचं स्मारक झालं असतं.

मसाल्यांच्या बाजारात डोळे बांधून पाच वास ओळखायचे होते. हे काम माझ्याकडे आलं. दालचिनी, वेलची, जिरं, केशर पटापटा सांगितली. पाचव्या वासाला मी ठामपणे म्हटलं, "आमसूल." डोळे सोडले तर समोर वाळवून काळं केलेलं लिंबू. इथे त्याला लूमी म्हणतात आणि रश्श्यात टाकतात. दुकानदार इराणी होता. त्याने माझी मान राखली आणि एक लूमी हातावर ठेवली. ती मी घरी आमटीत टाकून पाहिली. नवरा म्हणाला, कोकम संपलं वाटतं. म्हणजे माझंच बरोबर होतं.

मेट्रोत मात्र फजिती झाली. भूक लागली म्हणून मी पिशवीतून वडी काढली आणि तोंडाशी नेली, तर नेहाने माझा हात असा धरला की डब्यातले सगळे वळून पाहायला लागले. "काकू, फाइन! मेट्रोत खायचं नाही, पाणीसुद्धा नाही!" मी वडी परत ठेवली. नियम मला पटला. आपल्याकडे डब्यात चिवडा सांडल्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही, पण इथली फरशी पाहून मी मुकाट्याने उपाशी राहिले.

दुपारी साडेबारापर्यंत सोळा वस्तू झाल्या होत्या आणि आम्ही दुसरे होतो. एका टपरीवर करक चहा घेतला, दाट आणि गोड, वेलची घातलेला. अद्वैत खुशीत आला. "मॅडम, मानलं तुम्हाला. यल्ला, चला, सेव्हन्टीन!" आणि त्याने सतरावी वस्तू मोठ्याने वाचली.

"शहराचा खरा हीरो. गणवेशातल्या कामगाराबरोबर सेल्फी, वीस गुण. कामगार नाचला तर पन्नास."

मी म्हटलं, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचलं. सोळावी वस्तू उंटाच्या आकाराचं चॉकलेट होती. अठरावी, जुन्या घराचा वाऱ्याचा मनोरा. आणि या दोघांच्या मध्ये एक माणूस.

"असे रस्त्यात लोकांचे फोटो काढता येत नाहीत हां," नेहा म्हणाली. "इथे परमिशनशिवाय कुणाचा फोटो फिरवला तर मोठी झंझट होते."

"मग आपल्याच गोदामात जाऊ," अद्वैत म्हणाला. "रास अल खोर. आपलीच माणसं. नो इश्यू."

रास अल खोर म्हटल्यावर माझा राग खिशात गेला. मी सगळ्यांत आधी टॅक्सीत जाऊन बसले.

रास अल खोर

तर माझ्या पत्त्यावर डोंगर नाही. आधी एक उथळ पाणथळ जागा लागते, आणि त्या पाण्यात शेकडो रोहित पक्षी एका पायावर उभे. आमच्या भिगवणला येतात तेच, गुलाबी. भिगवणला त्यांच्यामागे उसाचे मळे असतात, इथे काचेच्या इमारती. पक्ष्यांनी या फरकाची काही दखल घेतलेली दिसली नाही. त्यानंतर गोदामं, गॅरेज, ठोक बाजार, ट्रक, धूळ. भोसरीच वाटली. हवेत तोच ग्रीसचा वास.

आमच्या गोदामात शिरले आणि समोर माझेच खोके. महिनाभरापूर्वी पाठवलेले, माझ्या अक्षरातले. माहेरच्या माणसांसारखे ते रांगेत उभे होते. मला भरून आलं, आणि खोके पाहून भरून येतं हे कुणाला सांगायचं, म्हणून मी चष्मा पुसला.

निळी डांगरी घातलेला एक माणूस खोका उघडत होता. पन्नाशीचा, बारीक, केस पांढरे. अद्वैत हिंदीत म्हणाला, "भाई, एक फोटो चाहिए. थोड़ा डान्स भी."

तो माणूस गोंधळला. तेवढ्यात त्याच्या पुढ्यातल्या खोक्याच्या कोपऱ्यावर मला माझं श्री दिसलं. मी मराठीतच बोलून गेले, "हा खोका पहिला कसा काय उघडलात?"

त्याने चमकून पाहिलं. "श्री हाय ना त्याच्यावर! यादी त्याच्यातच असते. बाकीचे शोधीत बसतात, मी पयला श्री बगतो." मग म्हणाला, "तुमी पुण्याशी आलाव?"

"ते श्री मी लिहिते," मी म्हटलं.

त्याने हातातली पहार खाली ठेवली. "तुमी? या अल्ला! एकोणीस वरसां मी तुमचा अक्षर बगताय. मला वाटला कोन म्हातारे भटजी असतील."

शौकत उंड्रे त्यांचं नाव. गाव बागमांडला, श्रीवर्धनच्या जवळ, खाडीच्या काठावर. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. गोदामात मराठी वाचणारे ते एकटेच, आणि माझी यादी कुठे असते हे एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "सांगलो असतो तर माझा काम काय ऱ्हायला असता?" ते डोळे मिचकावून म्हणाले. सव्वीस वर्षांत माझ्या कामाची इतकी बारीक दखल माझ्या एकाही साहेबाने घेतलेली नाही. हा माणूस रोज माझ्याबरोबर काम करत होता आणि आमची ओळख नव्हती.

अद्वैत घड्याळ दाखवत होता. मी शौकतभाईंना खेळ समजावून सांगितला. ते म्हणाले, "फोटो काय, घ्या ना. नाचायचा तेवढा नको. थांबा, आलोच."

ते आत गेले. पाच मिनिटं गेली, सात गेली. अद्वैतच्या येरझाऱ्या चालू होत्या. मग शौकतभाई बाहेर आले ते पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून, भांग पाडून. कोकणात, आणि आमच्या घाटावरही, फोटो काढायचा म्हणजे आधी तोंड धुवायचं. कामाच्या कपड्यांत कुणी फोटो काढतं का?

आम्ही चौघं माझ्या श्रीच्या खोक्याशेजारी उभे राहिलो. फोटो झकास आला. अद्वैतने पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: अमान्य. गणवेश दिसत नाही.

"ठीक आहे," अद्वैत म्हणाला, "त्यांना सांगा परत डांगरी घालायला. दोन मिनिटं."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

"मॅडम, वीस पॉइंट्स! नुसतं विचारा. ते काही नाही म्हणणार नाहीत."

"नाही म्हणणार नाहीत म्हणूनच विचारणार नाही. तो माणूस तोंड धुऊन, चांगला शर्ट घालून आपल्यासाठी उभा राहिलाय. त्याला सांगू की तू माणूस म्हणून चालत नाहीस, डांगरी म्हणून चालतोस?"

"इट्स जस्ट अ गेम!"

"मग हरू या. खेळात हरता येतं."

शौकतभाई जरा लांब, खोक्याशी उभे होते; शब्द नाही तरी सूर कळला असावा. ते म्हणाले, "ताई, माझ्यामुळे तुमचा नुस्कान झाला काय? मी बदलून येतो."

"काही झालं नाही," मी म्हटलं. "फोटो घरी पाठवते. पत्ता सांगा." पत्ता त्यांनी सांगितला आणि मी लिहून घेतला. अद्वैत टॅक्सीत पुढे जाऊन बसला. आमची टीम चौथी आली.

त्याच दिवशी, हॉटेलचं सभागृह

संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. आधी चहा-सामोसे, मग मोठ्या पडद्यावर दिवसभराच्या गमतीजमती. उंटाची चॉकलेटं, होडीतले चेहरे. आणि मग पडद्यावर रास अल खोरचं आमचं गोदाम. निळी डांगरी. शौकतभाई.

आमच्यानंतर दुसरी टीम तिथे पोचली होती. तोवर शौकतभाईंनी शर्ट काढून परत डांगरी चढवली होती. ते नाचत होते. म्हणजे दोन्ही हात वर करून जागच्या जागी हलत होते, डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, बाजूला कुणाकडे तरी होते. खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'कामगार, पन्नास गुण'. मागे ढिंगच्याक गाणं जोडलं होतं. सभागृह हसलं, टाळ्या झाल्या.

रितू मॅडमनी माइकवर जाहीर केलं की हाच आजचा सर्वोत्तम क्षण आहे आणि हा व्हिडिओ परवा सकाळी कंपनीच्या सगळ्या ग्रुपवर जाईल, पुणे, दुबई, सगळीकडे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नेहाने माझा पदर धरला, पण मी उभी राहिले होते. सभागृहात बोलायचा मला सराव नाही, गोदामात ओरडायचा आहे. तोच आवाज निघाला.

"त्यांचं नाव कामगार नाही. त्यांचं नाव शौकत उंड्रे. एकोणीस वर्षं ते आपले खोके उघडतायत. नाव-पत्त्याशिवाय मी खोका बाहेर सोडत नाही, आणि तुम्ही माणूस सोडताय?"

रितू मॅडम म्हणाल्या, "मंगलजी, ही वॉज एन्जॉयिंग! खलास, स्पोर्टिंग स्पिरिट रखिए."

"त्यांना विचारलंत का?"

रितू मॅडमनी पुढच्या बक्षिसाचं नाव वाचलं. अद्वैत बशीतल्या सामोशाकडे पाहत होता. समारंभ पुढे सरकला.

खोलीवर येऊन मी शौकतभाईंना फोन लावला. नंबर नेहाने मिळवून दिला. मला भीती होती, त्यांना खरंच मजा आली असेल तर? मग मी कुणासाठी ओरडले? मी सरळ विचारलं.

ते फोन घेऊन खोलीबाहेर आले. मग म्हणाले, "सुपरवायझर बाजूला हुबा होता, ताई. तो बोलला नाच, नाचलो. त्याचा काय एवढा." आणि मग हळूच, "पन तो घरी नको दिसाया. माझी सून, पोरां... मी कदी डांगरीतला फोटो धाडलेला नाय. एकोणीस वरसांत एक पन नाय. आमच्या वाडीतलो एक पोरगो तुमच्या पुन्याच्या हापिसात हाय. त्याच्या मोबाइलवर गेला की खलास."

मी म्हटलं, "नाही दिसणार." म्हटलं खरं. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती.

तिसरा दिवस: अबुधाबी

दुबई ते अबुधाबी रस्ता सरळ आणि गुळगुळीत. नेहाची गाडी, मागे अद्वैत. बोलणं फक्त गाडीतली बाई करत होती, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. नेहाने एकदा धीर करून म्हटलं, "काकू, आधी जॉब घ्या. मग आतमध्ये जाऊन फाइट करा ना. प्रॅक्टिकली बघा."

हे मी रात्रभर स्वतःलाही सांगत होते. पण व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होता. नोकरी मिळून, खुर्चीत बसून, मग लढायला वेळच नव्हता.

अबुधाबी दुबईपेक्षा मला सभ्य वाटली. रस्त्याकडेला फुलझाडं, समुद्र शांत, इमारतींनाही घाई नाही. मोठ्या साहेबांच्या खोलीत कॉफी आली, छोट्या बिनकानाच्या कपात, वेलचीची, बिनसाखरेची. सोबत खजूर. साहेब हसून म्हणाले, "सो, मिसेस शेवाळे, काल आपण बऱ्याच गाजलात."

"साहेब, माझी एक विनंती आहे. ती आधी. मुलाखत नंतर." आणि मी सगळं सांगितलं, हिंदीत, मध्येमध्ये मराठीत. शर्टाचं सांगितलं. घरी फोटो कधी पाठवला नाही ते सांगितलं. म्हटलं, "परवानगीशिवाय फोटो फिरवायचा इथला कायदा तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. मी कायद्याचं सांगत नाही, माणसाचं सांगते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि व्हिडिओ गेलाच तर?"

"मग मी ही मुलाखत देत नाही."

"ही अट आहे?"

खिडकीतून समुद्र दिसत होता. ती खोली, तो समुद्र, ती खुर्ची, सगळं मला हवं होतं. अगदी त्या क्षणीही हवं होतं. मी म्हटलं, "हो."

साहेबांनी फोन उचलला, रितू मॅडमशी दोन मिनिटं बोलले आणि माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. मग मुलाखत घेतली. प्रश्न नीट विचारले, मी उत्तरंही नीट दिली. पण 'अट' या शब्दानंतर त्यांनी माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं ते मी पाहिलं होतं. बाहेर येऊन मी नेहाला म्हटलं, "चल, कुठे चांगला मासा मिळतो?" आणि हमूर नावाचा तळलेला मासा खाल्ला. रडू आलं तेव्हा लिंबू पिळत होते, त्यामुळे खपून गेलं.

घरी

चौथा दिवस परतीचा होता. पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा अद्वैतला. माझ्याबद्दल लिहिलं होतं की अनुभव उत्तम, परंतु संघभावना आणि लवचिकता यांवर काम करावं. मी ते पत्र दोनदा वाचलं, वाईट वाटून घेतलं, खरंखुरं वाईट, दोन दिवस जेवण गेलं नाही. नवरा कुकर लावायला शिकला होता, ते वाया गेलं नाही एवढंच.

शौकतभाईंचा पांढऱ्या शर्टातला फोटो मोठा करून मी बागमांडल्याला पाठवला. सुनेचा फोन आला. म्हणाली, सासऱ्यांचा फोटो भिंतीवर लावलाय, आणि त्या खोक्यावर श्री का लिहिलंय असं सगळी आळी विचारते.

अद्वैतने दुबईला जाऊन पहिलं फर्मान काढलं: खोक्यांवर यापुढे फक्त बारकोड. हाताने काहीही लिहायचं नाही, कुठलीही खूण नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी नियम तंतोतंत पाळला. एक्केचाळीस खोके गेले, स्वच्छ, कोरे, अगदी लवचिक.

पुढच्या आठवड्यात अद्वैतचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "मॅडम, साइटवर माल आजच जायचाय. स्कॅनर अजून आले नाहीत. पॅकिंग लिस्ट कोणत्या खोक्यात आहे?"

"शौकतभाईंना विचार."

"विचारलं. ते म्हणतात, श्री नाही, मग मला काय कळणार." तो थांबला. "ते हसतायत, मॅडम."

मी खोक्याचा नंबर लगेच सांगितला. माल अडवायची मला सवय नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याचं ईमेल आलं, पुण्याला, दुबईला, अबुधाबीला, सगळ्यांना. मी ते छापून माझ्या टेबलासमोर चिकटवलं आहे. एकच वाक्य आहे: रास अल खोर गोदामाचे श्री. शौकत उंड्रे यांच्या सूचनेनुसार, पॅकिंग लिस्ट असलेल्या खोक्यावर पुणे डिस्पॅचने पूर्वीप्रमाणेच खूण करावी.

हजेरीपट सोडून कंपनीच्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव आलं ते हे पहिल्यांदा. आज सदतीस खोके गेले. श्री काढलं, आणि त्याच्या खाली, पत्त्याच्या वर, पहिल्यांदाच मी माणसाचं नावही लिहिलं: शौकत उंड्रे.